एक्क्याण्णवाव्या मिनिटाचा कोरो

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉलमधला स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू म्हटला की आपण आधी त्याच्या गोलांची बेरीज मांडतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याचीही बेरीज चांगली घसघशीत आहे. पण ते गोल कोणत्या घडीला झाले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फेरान कोरोमिनास हे त्याचं पूर्ण नाव. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर त्याला या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तिथे तो कोरो होता, आणि स्पेनमध्येही कोरोच.

कातालोनियातल्या जिरोनाजवळचं विलोबी द'ओन्यार हे त्याचं गाव. जन्म ५ जानेवारी १९८३ चा. घडला तो बार्सिलोना शहरातच, पण एस्पान्योलमध्ये. बार्सिलोना म्हटलं की जगाला एकच क्लब दिसतो. त्याच शहरात राहून एस्पान्योलचा झेंडा धरायचा म्हणजे जिद्द लागते, आणि या क्लबच्या पाठीराख्यांकडे ती पुरेपूर आहे.

२००६ च्या एप्रिलमध्ये माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर एस्पान्योलनं सारागोसाला ४-१ असं हरवून राजाचा चषक, म्हणजे कोपा देल रे, जिंकला. त्यातला एक गोल कोरोचा. पण गंमत बघा, चषक जिंकणारा हाच संघ लीगमध्ये मात्र गटांगळ्या खात होता. मे महिन्यात शेवटचा सामना आला. समोर रेआल सोसिएदाद, मैदान मोंजुइक टेकडीवरचं, १९९२ च्या ऑलिंपिकचं. जिंकलं तर पहिल्या श्रेणीत मुक्काम, बरोबरी झाली तर खाली घसरण. नव्वद मिनिटं संपली तरी ०-०. भरपाईची वेळ सुरू झाली आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला कोरोनं गोल केला. एस्पान्योल वाचलं, अलावेस खाली गेलं. चषकाच्या अंतिम सामन्यातल्या गोलापेक्षा मी हा गोल मोठा मानतो. चषक हुकला असता तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळता आलं असतं. श्रेणी गेली की क्लबचे पैसे जातात, खेळाडू जातात, कधी कधी पुढची दहा वर्षंही जातात.

पुढच्याच हंगामात हा संघ युएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. उपांत्य फेरीत वेर्डर ब्रेमेनविरुद्ध दोन्ही सामन्यांत कोरोनं गोल केले. ग्लासगोतला अंतिम सामना २-२ असा सुटला आणि पेनल्टींवर सेव्हिया जिंकलं. पूर्ण स्पर्धेत एकही सामना न हरता चषक हुकला, याची हळहळ मला आजही वाटते.

त्या संघात दानी हार्के नावाचा बचावपटू होता. कोरोपेक्षा अवघा चार दिवसांनी मोठा, त्याच क्लबच्या अकादमीत वाढलेला. २००९ च्या ऑगस्टमध्ये, नुकताच कर्णधार झालेला असताना, इटलीतल्या सराव शिबिरात हृदय बंद पडून तो गेला. पुढच्या वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करून स्पेनच्या इनिएस्तानं जर्सी वर केली, तेव्हा आतल्या बनियनवर याच हार्केचं नाव होतं.

नंतर ओसासुना, जिरोना, एल्चे, मयोर्का असा प्रवास झाला. एल्चेबरोबर २०१३ मध्ये त्यानं दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं आणि तो क्लब २४ वर्षांनी वर चढला. मग सायप्रसमध्ये एक हंगाम. आणि २०१७ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, कोरो एफसी गोवा या क्लबकडून खेळायला गोव्यात आला.

त्याआधी इंडियन सुपर लीगमध्ये देल पिएरो दिल्लीला, त्रेझेगे पुण्याला, पिरेस गोव्याला येऊन गेले होते. नावं मोठी, पण उमेदीची वर्षं मागे पडलेली. त्यामुळे आणखी एक पस्तिशीतला पाहुणा आला, एवढंच अनेकांना वाटलं. कोरोनं तो समज दहा दिवसांत मोडला. ३० नोव्हेंबरला बंगळुरूविरुद्ध तीन गोल, सामना ४-३. लगेच ९ डिसेंबरला केरळविरुद्ध पुन्हा तीन. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती. अठ्ठेचाळीस, एक्कावन्न आणि पंचावन्न या मिनिटांना तीन गोल झाले आणि सामना तिथेच मिटला.

त्याचा खेळ समजून घ्यायचा असेल तर जुन्या चित्रफिती पाहताना चेंडूवरची नजर काढा आणि फक्त कोरोकडे बघा. शेवटच्या बचावपटूच्या खांद्याशी तो निवांत उभा असतो. मधल्या फळीत एदू बेदियानं मान वर केली की हा अर्धं पाऊल मागे येतो, ऑफसाइडच्या रेषेच्या आत राहतो, आणि दोन बचावपटूंमधल्या फटीतून तिरका सुटतो. वेग फार नाही. पण निघण्याची वेळ इतकी नेमकी, की त्याच्याहून चपळ पोरं मागे पडायची. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा चेंडू गोलकीपरपासून छोट्या पासांनी पुढे न्यायला लावायचे. अशा खेळात शेवटचा पास घेणारा माणूस जागेवर नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. कोरो जागेवर असायचा.

पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. सत्तावन्न सामन्यांत अठ्ठेचाळीस. दोनदा सलग गोल्डन बूट, म्हणजे हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान. २०१९ चा लीगचा अंतिम सामना अंधेरीत झाला, तो मात्र आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं जादा वेळेत डोक्यानं मारलेल्या गोलामुळे बंगळुरूनं नेला. महिन्याभरात भुवनेश्वरला गोव्यानं सुपर कप जिंकला, त्या अंतिम सामन्यातही कोरोचा गोल होता. पुढच्या वर्षी, म्हापशाचा मंदार राव देसाई कर्णधार असताना, गोवा लीगमध्ये अव्वल ठरलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब झालं.

मार्च २०२० मध्ये उपांत्य फेरीत चेन्नईयिननं गोव्याला रोखलं. काही दिवसांतच देशभर टाळेबंदी लागली. त्याच वर्षी कोरो स्पेनला परतला, अ‍ॅटलेटिको बालेआरेसकडून खेळला आणि मग त्यानं बूट उतरवले. भरल्या फातोर्ड्यात त्याला निरोप द्यायचं राहूनच गेलं. गोव्याच्या प्रेक्षकांच्या वतीनं तो निरोप मी आज या माइकवरून देतो. देव बरें करूं, कोरो.

नमस्कार.