खेपा मोजणारा वर्ग

(दृश्य: गावची विहीर, टँकर रिकामा होतोय)

पाईप विहिरीत सुटला की बायका दोर-कळश्या घेऊन कठड्याशी दाटी करतात. त्या दाटीतून वही सांभाळत पुढे येणारी मुलगी विद्यापीठात पत्रकारितेचं एम.ए. करते. विद्यार्थी सरावासाठी काढतात त्या विभागाच्या प्रायोगिक अंकासाठी ती टँकरच्या खेपा मोजायला आली आहे.

ड्रायव्हरजवळचं लॉगबुक पाहा. तारीख, वेळ, गावकऱ्याची सही. आजच्या रकान्यात दोन खेपा. कठड्यावरच्या मावशी म्हणतात, "दोन कुठल्या गं बाई, एकच आला. त्योबी अर्धा." मुलगी दोन्ही लिहून घेते, वाद घालत नाही. मग विचारते, "ही सही कुणाची?"

(दृश्य: संध्याकाळ, विभागातली खोली, टेबलावर पानाचा डमी, म्हणजे कच्चा आराखडा)

पहिल्या खर्ड्याचा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, होती, 'पाणीटंचाईने गावकरी त्रस्त'. सरांनी त्यावर लाल रेघ मारली.

"त्रस्त कोण?"

"सगळेच, सर."

"सगळे म्हणजे कोण कोण? नावं घेतलीस?"

दुसऱ्या खर्ड्यात नावं आली, वेळा आल्या, लॉगबुकातला आकडा आला. तिसऱ्यात गटविकास अधिकाऱ्यांची बाजू आली. मथळा पान लागेपर्यंत बदलत होता. पदार्थविज्ञानाला प्रयोगशाळा लागते, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पत्रकारितेची प्रयोगशाळा म्हणजे हा अंक आणि ही गावाकडची वाट. तरी छपाईच्या आणि एसटीच्या खर्चासाठी या विभागाला दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, मग फर्ग्युसन रस्ता, रानडे इन्स्टिट्यूट)

हे शिक्षण आपल्याकडे कालपरवाचं नाही. १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला. १९५२ च्या सुमारास नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात अमेरिकेच्या सिरॅक्यूज विद्यापीठातले रोलंड वूल्सली शिकवायला आले. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. २०२१ मध्ये तो रानडे इन्स्टिट्यूटमधून विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या मुख्य आवारात हलवून दुसऱ्या विभागात विलीन करायचं ठरलं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी विरोधात उभे राहिले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली.

जागा टिकली, हे चांगलंच झालं. पण विभाग माणसांवर चालतो. आज कितीतरी ठिकाणी पत्रकारितेचे वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी तोलून धरले आहेत. ज्याला मोजून तासाचेच पैसे मिळतात, त्याने विद्यार्थ्यांबरोबर दिवसभर विहिरीवर कसं थांबायचं? कायम पदं भरा आणि प्रायोगिक अंकाला अंदाजपत्रकात स्वतःचा रकाना द्या. या दोन गोष्टींवाचून अभ्यासक्रम कितीही नवा केला तरी तो कागदावरच राहतो.

इथून शिकून गेलेली मुलं जिल्हा दैनिकांत आहेत, आकाशवाणीवर आहेत, पोर्टलवर आहेत. तुटपुंज्या पगारापायी काहींनी क्षेत्र सोडलं.

(दृश्य: पंचायत समितीचं आवार, आवक-जावक खिडकी)

सहीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून ही मुलगी आज माहितीच्या अधिकारात अर्ज देते आहे. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागणी एवढीच: या गावाच्या टँकरच्या लॉगबुकाच्या प्रती. पोच घेतल्याशिवाय ती खिडकीवरून हलत नाही. कायद्याने उत्तराला तीस दिवस. नाहीच आलं तर पहिलं अपील कुणाकडे आणि कसं करायचं, तो विभागात उद्या सकाळचा तास आहे.