दरबारातली परशुरामाची सत्ती

नमस्कार, श्रोतेहो.

सावंतवाडीला मोती तळ्याच्या काठाने चालत गेलं की समोर जांभ्या दगडाचा लाल राजवाडा दिसतो. तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात, हा वाडा उभा राहिला. आज मला सगळ्या वाड्याबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते एकाच दालनाबद्दल, दरबार हॉलबद्दल. आल्या-गेल्याला भेटायचं, मुजरे घ्यायचे, गाऱ्हाणी ऐकायची, ती ही जागा. थोडक्यात सांगायचं तर संस्थानाची ओटी.

ओटी म्हटलं की मला राहवत नाही. कोकणातल्या घराची ओटी म्हणजे अनोळखी माणसालासुद्धा विचारल्याशिवाय बसता येईल अशी जागा. आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, आणि त्यानंतर "खंयसून इलात?" हा प्रश्न. आता नवी घरं बांधताना सगळ्यात आधी ओटीच जाते, तिथे लोखंडी ग्रील येतं, आणि पाहुणा कुलूप उघडेपर्यंत उन्हात उभा राहतो. मला हे मनापासून खुपतं. असो, दरबाराकडे वळते.

1948 साली संस्थान विलीन झालं आणि दरबार भरायचा थांबला. उंच छत, कमानी, झुंबरं, सिंहासन, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं जागच्या जागी होतं, पण येणारं कोणी नव्हतं. अशा दालनांचं पुढे संग्रहालय होतं. रत्नागिरीचा थिबा राजवाडा घ्या. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी 1910 साली तो बांधून पुरा केला, आणि आज तिथे संग्रहालयच आहे. सावंतवाडीच्या दरबाराचं वेगळं झालं. श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकात या दालनात चितारी कारागीर बसवले. गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवायची कला गावात शेवटच्या घटका मोजत होती. म्हातारे पुंडलिक चितारी यांच्यासारख्या जाणत्याकडून ती शिकून घेतली गेली. स्वतः राजेसाहेब आणि राणीसाहेबही शिकले. जिथे मानकरी बसायचे तिथे रंगाच्या वाट्या आल्या.

दशावतारी गंजिफेत पानं 120. पुन्हा सांगते, 120. अवतार दहा, आणि प्रत्येक अवताराची बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्याने टाकायचं, रात्री मांडला तर कृष्णाची. सूर्य मावळला की उतारीचा देव बदलतो. असा खेळ मला तरी दुसरा माहीत नाही.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट सांगते.

आमच्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांनी सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली गंजिफा होती. सरकत्या झाकणाची लाकडी डबी, झाकणावर रंगवलेली वेल, आणि उघडली की लाखेचा, कापराचा आणि आजोबांच्या तपकिरीचा मिळून एक वास. पावसाळ्यात लावणी आटोपली की शेजारचे दोन आजोबा ओटीवर यायचे आणि कंदिलाच्या उजेडात डाव बसायचा.

मी सात वर्षांची होते. एका दुपारी डबीतलं एक पान उचलून मी वहाळावर गेले. मैत्रिणीला दाखवायचं होतं. लाल पान, त्यावर सात छोटे परशू. परशुरामाची सत्ती. पाण्याला ओढ होती. पान हातातून निसटलं, थोडा वेळ पालथं तरंगलं आणि आंब्याच्या मुळाखालून गेलं ते गेलंच. संध्याकाळी मी रडत रडत आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "रडतस कित्याक? पान गेला, खेळ खंय गेलो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोफळीची वाळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं चिवट आवरण, घेतली, वाटी पालथी ठेवून गोल आखला, कातरीने कापला आणि बिब्ब्याच्या रसात काडी बुडवून त्यावर सात परशू काढले. डाव पुन्हा सुरू झाला.

पण बघा, विरीचं पान पाठीमागून लगेच ओळखू येणार. बाकीची 119 पानं लाखेची, चकचकीत, आणि हे एकच करडं, किंचित वाकलेलं. सत्ती कोणाकडे आहे हे तिघांनाही कळायचं. तरी तिघेही ते पान आपल्याला दिसलंच नाही असं धरून खेळायचे. ज्याच्या हातात ते असेल त्याच्याकडे बाकीचे दोघे बघायचे नाहीत, कंदिलाकडे बघायचे. एक नाही, दोन नाही, अठरा वर्षं तीन म्हातारी माणसं अशी खेळली. माझ्या चुकीबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

पुढे मी शाळेत शिक्षिका झाले. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. पहिला पगार हातात आला तशी मी आजोबांना न सांगता डबी पिशवीत घातली आणि एसटीने सावंतवाडीला गेले. दरबारात पाऊल टाकायला मी बिचकत होते. चपला बाहेर काढल्या. लांबलचक दालन, उंच खिडक्यांतून येणारा उजेड, टोकाला सिंहासन. आणि खाली सतरंजीवर, बुटक्या मेजाशी मांडी घालून बसलेले कारागीर. कोणी मान वर केली नाही. एवढ्या मोठ्या दालनात आवाज होता तो फक्त कागदावर गुळगुळीत गोटा घासल्याचा.

एका वयस्क चिताऱ्यांसमोर मी डबी उघडली. त्यांनी विरीचं पान उचललं, उलटसुलट केलं.

"ह्यां कोणी केल्यानी?"

"आजोबांनी."

"मग ह्यां फेकू नकात."

त्यांनी परशुरामाची छक्की आणि अठ्ठी मागून घेतली. छक्कीवर परशू कसे मांडलेत, अठ्ठीवर कसे, यावरून आमच्या पानाच्या चिताऱ्याने सत्ती कशी मांडली असेल ते त्यांना काढायचं होतं. काडीने मेजावर ठिपके देऊन त्यांनी ते मला दाखवलंही: वर तीन, खाली तीन, मधे एक. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मी आजवर विसरलेले नाही. "रंग नवो घालूचो की ह्या पानांसारखो?"

मी म्हटलं, ह्या पानांसारखा. त्यांनी मान डोलावली. नवा रंग सोपा, म्हणाले, पण जुन्या पानाच्या रंगात तुमच्या कंदिलाचा धूर आहे, हाताचा घाम आहे, तो जमवायला वेळ लागेल. तीन आठवड्यांनी या. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, सुकवायचे, गोट्याने घोटायचे, मग रंग, मग लाख. एका पानासाठी तेवढंच करावं लागतं जेवढं 120 पानांसाठी. पैसे मात्र त्यांनी एकाच पानाचे घेतले.

श्रोतेहो, लोक मला विचारतात, दरबार हॉलमध्ये बघण्यासारखं काय आहे? झुंबर आहे, सिंहासन आहे, जरूर बघा. पण थोडं खाली वाकूनही बघा. कारागिराच्या कुंचल्याचं टोक बघा, ते तीन-चार केसांचं असतं. आणि जमलं तर एक तरी पान विकत घ्या. शोकेसमध्ये ठेवायला नको, खेळायला घ्या. घरोघरी काचेच्या कपाटात बंद करून ठेवलेली सावंतवाडीची लाकडी फळं बघितली की मला वाटतं, ती पोरांच्या हातात द्यायला हवीत. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, पोरांना लागत नाही.

तीन आठवड्यांनी सत्ती घेऊन मी घरी आले. आजोबा ऐंशीच्या पुढे गेले होते. त्यांनी पान उजेडात धरलं, पाठ चाचपली, नाकाजवळ नेलं. नंतर छक्की आणि अठ्ठीच्या मधे ठेवलं आणि बराच वेळ बघत बसले. त्या रात्री दोघा आजोबांना निरोप गेला. पानं पिसली, वाटली. रात्र होती म्हणून कृष्णाची उतारी.

तिघांनी पानं हातात धरली आणि सवयीने तिघेही कंदिलाकडे बघायला लागले. मग शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "आता कोणाकडे आसा, तां कळाचा नाय."

ती डबी आज माझ्याकडे आहे. विरीचं पान तिच्या तळाशी ठेवलेलं आहे, त्यावरचा बिब्बा अजून काळा आहे. आमच्या गंजिफेत पानं 121.

नमस्कार.