झिऱ्या मारण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या घराचा ताबा मिळाला की स्वयंपाकघरात आधी चर्चा रंगते ती ओट्याच्या ग्रॅनाइटची आणि टाइल्सची. विजेचे पॉइंट मात्र "वायरमन बघून घेईल" म्हणून सोडून दिले जातात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, भिंतीला झिऱ्या, म्हणजे वायरसाठीच्या खाचा, मारायच्या आधी तुमच्या घरातली सकाळची साडेसातची वेळ डोळ्यांसमोर आणा. इंडक्शनवर भाजी, किटलीत चहाचं पाणी, मायक्रोवेव्हमध्ये कालची आमटी, आणि हे सगळं एकाच वेळी!

आता हिशेब करू. आपल्याकडे वीज येते 230 व्होल्टची. उपकरणाच्या मागे लिहिलेले वॅट 230 ने भागले की अँपिअर कळतात. 2000 वॅटचं इंडक्शन जवळजवळ 9 अँपिअर घेतं, 1500 वॅटची किटली साडेसहा, मायक्रोवेव्ह साधारण 6. बेरीज एकवीसच्या पुढे. हे तिन्ही एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर असतील, तर तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार येतो आणि काही वेळाने ती पडू शकते, म्हणजे बंद होऊ शकते.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, "मोठी एमसीबी टाकून देऊ." कृपा करून हे करू देऊ नका. एमसीबी असते भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी. वायर तीच ठेवून 32 अँपिअरची एमसीबी बसवली, तर एमसीबी शांत राहते आणि वायर आतल्या आत तापत जाते. खरा उपाय म्हणजे सर्किट वाढवणं, म्हणजे वेगळी वायर आणि तिला वेगळी एमसीबी. ओट्यासाठी 16 अँपिअरची निदान दोन वेगळी सर्किट घ्या, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची. इंडक्शन एकावर, मायक्रोवेव्ह आणि किटली दुसऱ्यावर. दीड चौरस मिलिमीटरची वायर दिवे-पंख्यांपुरती ठीक. फ्रिजचं सर्किट जमल्यास स्वतंत्रच असावं. तुम्ही गावाला गेलेले असताना दुसऱ्याच कुठल्या उपकरणामुळे एमसीबी पडली, तरी दूध-भाज्या वाचतात.

जाड पिनचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसावा म्हणून बाजारात कन्व्हर्टर मिळतो. इंडक्शन असं लावलेल्या घरात तो प्लग काढून बघा. सॉकेटची भोकं तपकिरी झालेली असतात, प्लास्टिक किंचित वितळलेलं असतं. ते सॉकेट 6 अँपिअरसाठी बनलेलं, त्यातून 9 जात राहतात.

जागा ठरवताना बोर्ड सिंकपासून लांब घ्या आणि शेगडीच्या बरोबर मागे अजिबात नको, तिथे वाफ आणि तेल उडतं. मिक्सरचा पॉइंट नेहमी वाटण करता त्याच कोपऱ्यात हवा. चिमणी आणि पाण्याच्या फिल्टरचे पॉइंट वरच्या बाजूला, हे लक्षात असू द्या.

अर्थिंगशिवाय एकही सॉकेट स्वीकारू नका. तीन पिनांतली वरची पिन लांब असते, कारण प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं. डीबीत, म्हणजे सगळ्या एमसीबी असतात त्या पेटीत, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीही बसवून घ्या; वीज गळू लागली की ती लगेच पुरवठा तोडते. ओल्या हातांच्या खोलीत तिच्यावर खर्च करायला मागेपुढे पाहू नये. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबायचं, ती पडली पाहिजे.

आणि प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कपाट ठोकायला सुतार आला, की ड्रिल मारायच्या आधी ते फोटो त्याला दाखवा.

नमस्कार.