धुराचं आढं

सकाळचे साडेसहा. अजिंक्यताऱ्यावरून खाली पाहा. सातारा अजून दुलईत आहे. धुकं म्हणावं, तर रंग धुक्याचा नाही.

(दृश्य: गुऱ्हाळ)

हे कराडजवळचं गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं सारली जातायत, काहिलीत रस उकळतोय. पण नजर धुरावर ठेवा. सरळ वर चढतो, चढतो... आणि एका उंचीला टेकून आडवा पसरतो. वर जणू आढं आहे. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते. वर उबदार हवेचं झाकण. धूर त्याच्याखाली कोंडतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा)

पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था हेच गणित अख्ख्या शहरासाठी मांडते. हवेच्या प्रदूषणाचा अंदाज देणारी तिची ‘सफर’ सेवा २०१० मध्ये दिल्लीत सुरू झाली, २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आली. शहरावरच्या हवेचे संगणकात चौकोनी डबे पाडायचे, एकावर एक. वाऱ्यानं शेजारच्या डब्यातून काय आलं, खालून काय मिसळलं, आढं किती उंच? क्षणाक्षणाचा हिशेब.

शिवाय प्रत्येक डब्यात रसायनं शिजतायत. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हानं फुटतो. सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन होतो. पेट्रोलच्या वाफा त्यात भर घालतात. गंमत अशी, की गाड्यांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइडच ओझोनला खातो. म्हणून कैकदा भर चौकात ओझोन कमी आणि वारा जातो त्या दिशेच्या गावांत जास्त! ज्यांनी गाडी फिरवलीच नाही, त्यांच्या वाट्याला.

दमेकऱ्यांना आणि पिकांच्या पानांना तो बाधतो.

(दृश्य: रात्री पेटलेलं पाचट)

गणित चोख, पण खतावणी? कुठल्या रस्त्यावर किती ट्रक, किती वीटभट्ट्या, किती चुली, हे आधी कुणीतरी पायी फिरून मोजावं लागतं. हंगामापुरतं चालणारं गुऱ्हाळ त्यात सहज निसटतं. हा फड पेटला तेव्हा उपग्रह डोक्यावर नसेल, तर त्यालाही तो दिसत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा खराब असलेल्या शहरांची यादी आहे, त्यात सांगली आहे. मग सांगलीभोवतीची गुऱ्हाळं, पेटते फड आधी मोजा. आमचं म्हणणं एवढंच.

(दृश्य: पुन्हा गुऱ्हाळ)

साडेनऊ. गुळव्यानं काहील उतरवली. ऊन तापलंय. तोच धूर बघा, आता कुठं टेकत नाही. डोंगराच्या वर निघालाय, पूर्वेकडं.