सुटलेला मोजा

तुमच्यापैकी बऱ्याच जणी येत्या काही दिवसांत पाळणाघरात रुजू होणार आहात. ‘मुलांची आवड आहे म्हणून आले,’ असं मघाशी अनेकींनी सांगितलं. आवड हवीच. पण एक मूल दाराला चिकटून आकांत करतंय, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतलाय आणि चौथ्याचा डायपर तातडीनं बदलायचाय, अशा वेळी नुसती आवड पुरत नाही. त्या क्षणी मुलाच्या मनात काय चाललंय, हे कळावं लागतं.

रडण्याचंच घ्या. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास, आई दिसेनाशी झाली की मूल घाबरू लागतं. पुढे वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत ही भीती चांगलीच वाढते. डोळ्यांआड गेलेली वस्तूही कुठेतरी असते, हे त्याला नुकतं उमगू लागलेलं असतं. आई आहे हे कळतं, ती कधी येणार हे कळत नाही. त्या रडण्याला हट्ट म्हणू नका. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं मुलाच्या या ओढीचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्या माणसापासून दुरावताना मूल रडतं, कारण त्याचं नातं घट्ट असतं.

म्हणून पालकांना ‘त्याचं लक्ष नाही तोवर पटकन निघा’ असं कधीही सांगू नका. आई चोरून गेली की मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. तिला सांगून जाऊ द्या. परत कधी येणार तेही सांगू द्या, पण मुलाच्या भाषेत. ‘पाच वाजता’ म्हटलं तर त्याला काय कळणार? ‘तू झोपून उठलास की येते’ हे कळतं.

माझ्याकडे दीड वर्षाची एक मुलगी होती. आईचा रुमाल मुठीत घेऊन ती चपलांच्या कप्प्याशेजारी बसायची. उचलायला गेलं की अंग ताठ करायची. मी उचलणं सोडलं आणि रोज थोडा वेळ तिच्या बाजूला जमिनीवर नुसती बसू लागले. अकराव्या दिवशी तिनं पायातून सुटलेला मोजा माझ्यासमोर धरला. मी तो चढवला. मग तिनं दुसरा पायही पुढे केला. त्यातला मोजा नीटच होता.

एमी पिक्लर या डॉक्टरनं 1946 साली बुडापेस्टमध्ये अनाथ बाळांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं ही कामं उरकायची नाहीत, असा दंडक होता. ‘आता तुझा हात बाहीत घालते’ असं बाळाला सांगायचं आणि क्षणभर थांबायचं. हे मी करून पाहिलंय. काही दिवसांनी बाळ आपणहून हात पुढे करतं.

पण ते थांबणं मिळवावं लागतं, आणि या कामातली खरी अडचण तीच आहे. एकीच्या वाट्याला मुलं जास्त आली की थांबायला सवड राहत नाही, मग आपण बाहुल्या हलवाव्यात तशी मुलं हलवू लागतो. तसं व्हायला लागलं की गप्प बसू नका, संचालकांना स्पष्ट सांगा. चावण्याचंही बरंचसं तसंच. दोन वर्षांच्या मुलाला राग शब्दांत मांडता येत नाही, आणि गर्दी झाली की तो दातांतून निघतो. बाकी पाठ-गुडघे दुखतील, पहिल्या वर्षी सर्दी-ताप सारखा येईल. हात धुवा, मुलाला उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाका.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगते. मुलं आपल्याला विसरतात. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही. ती मुलगी सहा वर्षांची झाल्यावर धाकट्या भावाला सोडायला आईबरोबर आली. आईनं ‘या तुझ्या ताई’ म्हणून सांगितलं, तशी ती आईच्या मागे लपली. मला वाईट वाटलं, दिवसभर वाटत राहिलं. दारात बूट काढून ती आत आली, तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. मोजे तिचे तिनंच घातले होते, त्यातला एक उलटा.