दवाखान्यातल्या सहायकांनी पुढे काय शिकावं?

श्रोतेहो, नमस्कार.

जनावरांच्या दवाखान्यात शिरलं की आपली नजर आधी डॉक्टरांना शोधते. साहजिकच आहे. पण तुमच्या कुत्र्याला टेबलावर न घाबरवता धरून ठेवणारे, रक्त काढताना शीर दाबून देणारे, ऑपरेशननंतर तो शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी असतात. सहायक, नर्स, तंत्रज्ञ. एकदा कामाला लागल्यावर या माणसांनी पुढे काय शिकावं आणि कशात प्रावीण्य मिळवावं, याविषयी आज बोलायचं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. दवाखान्यातल्या प्रत्येक सहायकाकडे एक विषय असा हवा, की त्यात शेवटपर्यंत त्यानेच लक्ष घालायचं. सगळं थोडं थोडं यायलाच हवं. पण एक विषय पूर्णपणे त्याचा. आणि तो शिकून आला, की ते काम त्याच्या हाती सोपवायला हवं. प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि माणसाला परत पिंजरे धुवायला पाठवायचं, असं अनेक ठिकाणी चालतं. मला ते अजिबात पटत नाही.

आता एक प्रसंग सांगते.

आमच्याकडे एक ताई आहेत. जनावर धरायचं, उपकरणं निर्जंतुक करायची, फाइली लावायच्या, अशा कामांपासून त्यांनी सुरुवात केली. पुढे त्यांनी भूल दिलेल्या जनावरावर देखरेख ठेवण्याचं शिक्षण घेतलं. त्या परत आल्यावर आम्ही एक नियम केला. ऑपरेशन चालू असताना ताईंनी फक्त भूल बघायची. कापूस द्यायचा नाही, फोन घ्यायचा नाही, दार उघडायला उठायचं नाही. जनावराच्या डोक्याशी बसायचं आणि दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान कागदावर लिहायचं. फोनचा विषय निघालाच आहे तर सांगते, ऑपरेशनच्या खोलीत मोबाइल नकोच. कुणाचाही नको, डॉक्टरांचासुद्धा नको. माझं हे मत पक्कं आहे.

तर एका संध्याकाळी एक लॅब्रॅडॉर कुत्री आली. गर्भाशयात पू झालेला, अंगात ताप, पाणी पाणी करत होती. सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. सलाइन लावलं, भूल दिली, पोट उघडलं. गर्भाशय इतकं फुगलेलं की दोन्ही हातांनी सांभाळून बाहेर काढावं लागत होतं, कारण ते फुटलं तर सगळा पू पोटात. माझं सगळं लक्ष तिथे. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ९९. नाडी थोडी वाढलेली, पण अशा आजारात ती वाढतेच.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मॅडम, खालची रेषा शून्यावर येत नाहीये."

ही रेषा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. जनावर श्वास सोडतं तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड एक यंत्र मोजतं आणि पडद्यावर रेषा काढतं. श्वास सोडला की रेषा वर चढते, घेतला की खाली येते. वरची उंची साधारण ३५ ते ४५ हवी आणि खाली येताना ती शून्याला टेकायला हवी. टेकत नसेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे. जनावर स्वतःचाच सोडलेला वायू परत आत घेतंय. हा वायू शोषून घ्यायला भुलीच्या यंत्रात एक डबा असतो, त्यात चुन्याचे खास दाणे भरलेले असतात. दाणे संपत आले की त्यांचा रंग बदलतो. आमच्याकडचे जांभळे होतात.

मी मान वळवून बघितलं. "दाणे तर पांढरेच आहेत, ताई."

ताईंनी डब्याला तळहात लावला. "गार आहे, मॅडम. काम करत असता तर कोमट लागला असता."

दाणे वायू शोषतात तेव्हा उष्णता बाहेर पडते. म्हणून चालू डबा हाताला कोमट लागतो. आणि वापरून संपलेले दाणे नुसते पडून राहिले, की त्यांचा जांभळा रंग पुन्हा पांढऱ्यावर येऊ शकतो. म्हणजे रंग फसवतो, हात फसवत नाही. हे त्या शिकून आल्या होत्या. तोवर त्यांनी ऑक्सिजनचा प्रवाह वाढवलाही होता. दुसऱ्या मुलाला नवे दाणे भरलेला डबा आणायला सांगितलं, डबा बदलला, कुठून हवा गळत नाही ना ते पाहिलं, पिशवी दाबून चार श्वास दिले. मी माझ्या बाजूला रक्तवाहिन्या बांधत राहिले. थोड्याच वेळात त्या म्हणाल्या, "आली शून्यावर."

आता यातली एक गोष्ट मी पुन्हा सांगते, कारण ती महत्त्वाची आहे. या सगळ्या वेळात ऑक्सिजनचा आकडा ९९ च होता. ९९! कुत्री जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन घेत होती, त्यामुळे तो आकडा हलणारच नव्हता. कार्बन डायऑक्साइड मात्र अंगात साठत गेला असता, रक्तातलं आम्ल वाढलं असतं, आणि आधीच विषबाधेने थकलेल्या हृदयाची लय बिघडायला तेवढं पुरे होतं. एका आकड्यावर विसंबायचं नाही, ही भूल बघणाऱ्याची पहिली शिकवण. ती ताईंच्या अंगात मुरलेली होती.

दुसऱ्या दिवशी कुत्री उठून पाणी प्यायली. आणि ताईंनी डब्यावर कागदाची पट्टी चिकटवली. दाणे कधी भरले, किती तास वापरले, याची नोंद. ती पट्टी आजही असते.

ताईंनी यात निदान केलं नाही, औषध लिहून दिलं नाही, शस्त्रक्रिया केली नाही. ती कामं डॉक्टरांचीच. पण त्या मर्यादेच्या आतही किती मोठं काम आहे बघा.

भूल हा एक विषय झाला. दुसरा तातडीची आणि अतिदक्षता सेवा. तिथे हृदय बंद पडलं तर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची असते आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा असतो. थकलेला माणूस आपण थकलोय हे कबूल करत नाही, म्हणून वेळ मोजणारा हवाच. दात आणि हिरड्या, प्रयोगशाळा, आहार, ऑपरेशननंतरचा व्यायाम, वर्तन, घोडे, पक्षी आणि सरडे-कासवं, हेही विषय आहेत. वर्तनाचा विषय निघाला की मला मांजरं आठवतात. मांजराला मानगुटीला धरून उचलायची पद्धत आता बंद व्हायला हवी. टॉवेलमध्ये हलकेच गुंडाळा, हवं तर त्याच्या पेटीतच बसू द्या आणि नुसतं वरचं झाकण काढून तपासा. निम्म्या मांजरांचा राग तिथेच शांत होतो.

अमेरिकेत तंत्रज्ञांच्या अशा विशेष शाखांना रीतसर मान्यता आहे. तातडीच्या सेवेच्या शाखेला १९९६ साली ती मिळाली. त्यासाठी त्या शाखेतला काही वर्षांचा अनुभव, केसेसची नोंदवही आणि मग परीक्षा, असा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत पशुवैद्यकीय नर्सला दरवर्षी १५ तास नवं शिकावंच लागतं, डॉक्टरांना ३५ तास. सक्तीचं शिक्षण नकोसं वाटतं, मान्य आहे. पण सक्ती असली की रजा मागताना मान खाली घालावी लागत नाही.

विषय कोणता निवडावा? जी कामं तुम्ही कुणी न सांगता करता, तिकडे बघा. सूक्ष्मदर्शकातून डोळा हलत नाही का? घाबरलेलं कुत्रं तुमच्याच हातात निवतं का? तोच तुमचा विषय. पगार कशात जास्त, हे नंतर विचारा, पण विचारा जरूर. जबाबदारी वाढली की पगारही वाढायला हवा, आणि हे मी दवाखाना चालवणाऱ्यांना उद्देशून बोलतेय.

कोर्सचे पैसे भरण्याआधी मात्र तीन प्रश्न विचाराच. हाताने काम करायला किती तास मिळणार? केसेसची नोंदवही तपासून सही कोण करणार? आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरण किती वर्षांनी? पुन्हा सांगते, लिहून घ्या: हाताने किती तास, सही कुणाची, नूतनीकरण कधी. नुसते व्हिडिओ बघून मिळणाऱ्या प्रमाणपत्राने माहिती मिळते, हात तयार होत नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा कोर्स शोधा.

नमस्कार.