कर्जाच्या टेबलावरून कॉलेज

मंडळी, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ तालुक्याच्या शाखेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. जुलै उजाडला की समोर बापलेक येऊन बसायचे. बापाच्या मांडीवर पिशवी, तिच्यात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचं पत्र. मुलगा पंख्याकडे बघत. आणि बापाचा प्रश्न ठरलेला, "साहेब, एवढा पैसा घालायचा, वसूल होईल ना?"

वसुली हा खरं तर आमचा शब्द! पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

तोंडी हिशेब करू. वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. व्याज १० टक्के धरा, आकडेमोडीला सोपं. शिकेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं, तोवर व्याजही नसतं. असतं, सरळव्याज चालूच असतं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखाला पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला ४५, चौथ्याला ३०. झाले २ लाख १० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी खात्यावर ८ लाख १० हजार उभे. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १० हजार ७००. पुण्यात पहिल्या नोकरीला अठरा हजारांवर लागलेले इंजिनिअर माझ्या खातेदारांत होते. खोलीभाडं आणि मेस गेल्यावर हप्ता कुठून निघणार? गावाकडून.

व्याजात सवलत मिळायची. वर्षाला साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलं की केंद्र सरकार तेवढ्या काळाचं व्याज भरायचं. पण २०१८ पासून त्यासाठी कॉलेजला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचं, मानांकन लागायला लागलं. बापाने कॉलेज बघताना गेट बघितलेलं असायचं, बस बघितलेली असायची. मानांकन विचारलेले मला दोन-तीनच आठवतात.

तरीही सांगतो, नोकरी कमी पगाराची लागली म्हणून बुडालेली खाती थोडी. उशिरा का होईना, ती मुलं फेडत गेली. खाती बुडाली ती अर्धवट शिक्षणाची. पहिल्या वर्षी गणितात एटीकेटी, म्हणजे विषय राहिलेला, मग इअर डाऊन, म्हणजे वर्षच अडकलेलं, मग मुलगा वर्षभर घरी सांगतच नाही. पुढच्या वर्षाची फी मागायला कुणी आलं नाही, की आम्हाला शंका यायची. साडेसात लाखांपर्यंत तारण नसतं, म्हणून बापाला वाटतं आपण मोकळे. अहो, सहकर्जदार म्हणून सही त्याचीच असते! एक गृहस्थ पीककर्जाला आले, तर मुलाच्या थकबाकीने त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, खाली गेलेला. त्यांना आधी मुलाचं कॉलेज सुटल्याचं मी सांगितलं, मग कर्जाचं. ते काही बोलले नाहीत. पिशवीची गाठ मारत राहिले.

म्हणून वसूल होईल का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारायचो, पोरगा चार वर्षं तिथे टिकेल का? बारावीला गणितात किती? इंजिनिअरिंग त्याला हवंय की मामाला? काहींना मी सरळ म्हणालो, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करा, सरकारी आयटीआयची फी यांच्या मेसपेक्षा कमी आहे. चारचौघांत हे बोललो की माणसं दुखावायची. लग्नाच्या पत्रिकेत नावाखाली बी.ई. छापायचं असतं ना.

या हौसेला जागा मिळाली १९८३ साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते, त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर कर्नाटकात डोनेशन भरून शिकणारी आपली मुलं इथे शिकायला लागली, हे मान्यच करायला हवं. पण त्याआधी साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली कॉलेज काढलं होतं, तिथे फीऐवजी मुलांचे कष्ट चालायचे. तिथपासून आम्ही सातबाऱ्यापर्यंत आलो. कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर घेतलेल्या पैशाला, बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९८७ पासून आहे; तरी "पावती नसलेल्या पैशाला कर्ज मिळेल का," असं विचारणारे मला भेटले.

आता एक बोचणारी गोष्ट. या टेबलावर मुलींचे बाप कमी यायचे. मुलाला कर्ज काढून पुणे, मुलीला एसटीच्या पासवर होईल ते कॉलेज. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, प्रवेश मात्र कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. शेजारचे एक जण विचारायला घरी आले, मुलीला कॉम्प्युटरला जागा मिळाली होती. फी नाहीच, म्हटलं, होस्टेल आणि मेसपुरतं कर्ज काढा, चार वर्षांचे तीन लाखही लागणार नाहीत. ते म्हणाले, "तसं नाही साहेब, थोरल्याचे हप्ते अजून चालू आहेत."

थोरल्याने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं होतं. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला आत बोलावलं आणि बारावीचं गुणपत्रक मागितलं.